थांब्यावरची कापशी

शिरोळ तालुका म्हटला की ऊस, ट्रॅक्टर आणि कृष्णेचं पाणी एवढंच लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. नदी मागं टाकून चढाला लागलं की जमीन बदलते. काळी माती संपते, मुरूम वर येतो. उसाची हिरवी भिंत तुटते आणि बाभळी, बोरी, कुसळी गवत सुरू होतं. या माळाच्या कडेला माझ्या मावशीचं शेत आहे. विहीर आहे, पण पाणी उन्हाळ्याच्या तोंडाशीच तळाला जातं. म्हणून तिथं अजून शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि हरभरा पिकतो.

काका गेल्यापासून शेत मावशी आणि तिचा मुलगा बघतात. मुलगा माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. वर्तमानपत्रातली माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. हिवाळ्यातल्या बहुतेक मंगळवारी मी कोल्हापुरातून मोटारसायकलनं तिकडं जातो. कारण पक्षी. थंडीत त्या माळावर शिकारी पक्षी इतके असतात की एका बांधावर बसून सकाळ निघून जाते.

दिवाळीच्या आसपास भोवत्या येतो. नर फिकट राखाडी, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. भोवत्या उंच जात नाही. गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, पंख किंचित वर धरून, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि वळून थोडा बाजूला सरकून परत येतो. नांगरट करणाऱ्या माणसासारखी त्याची ये-जा असते. गवतात काही हललं की तो पंख मिटून जागच्या जागी खाली पडतो. बऱ्याच वेळा रिकाम्या पायांनी उठतो आणि राहिलेल्या पट्ट्यापासून पुन्हा सुरुवात करतो.

खरूची त्याच सुमाराला येते. विटकरी पाठ, तिच्यावर काळे ठिपके. ती वाऱ्याकडं तोंड करून हवेत एका जागी थांबते. पंख फडफडत असतात, शेपटी पंख्यासारखी उघडलेली असते, पण डोकं खिळा मारल्यासारखं स्थिर. खालचा नाकतोडा दिसायचा तर डोकं हलून चालत नाही.

सापमार गरुड वर्षभर माळावरच असतो. अंग मोठं, डोकं घुबडासारखं गोल, डोळे पिवळेधमक. एवढं वजन घेऊन तोही हवेत थांबतो. साप धरला की डोक्याकडून गिळायला सुरुवात करतो. एकदा तो विजेच्या खांबावर बसला होता आणि सापाचं शेपूट चोचीतून लोंबत होतं. मावशीनं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून घरात गेली.

खाटीक हा बुलबुलाएवढा पक्षी. डोळ्यांवरून काळी पट्टी, चोच टोकाला वाकडी. नाकतोडा किंवा सरडा धरला की बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीनं खातो. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं बारीक पाखरू, आणि धंदा बघ."

या सगळ्यांत दादाच्या ओळखीची कापशी. कापशी घार कावळ्याहून लहान असते. पोट कापसासारखं पांढरं, पाठ राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. शांत बसलेली असली तर कुणी कबुतर समजेल. डोळे दिसले की समजणार नाही. तारेवर किंवा वाळलेल्या फांदीवर बसून ती शेपटी हळूहळू वरखाली करते. उंदीर दिसला की उडते, त्याच्या वर जाऊन हवेत थांबते आणि मग पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून, पाय सोडून, टप्प्याटप्प्यानं खाली उतरते. शेवटचा टप्पा मात्र दगड पडावा तसा.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात कापशीच्या जोडीनं मावशीच्या बांधावरच्या बाभळीवर घरटं केलं. घरटं म्हणजे काटक्यांची विस्कटलेली चळत. मादी आत बसलेली असायची आणि नर शिकार आणायचा. तो जवळ आला की बारीक शीळ घालायचा, ती उडून यायची आणि उंदीर त्याच्या पायांतून घेऊन परत जायची.

त्याच हिवाळ्यात शाळूत उंदीर माजले.

पावसाळ्यात नदीकाठची रानं दिवसेंदिवस पाण्याखाली होती. तिकडचे उंदीर चढावर आले, असं दादाचं म्हणणं. खरं-खोटं कुणी तपासलेलं नाही. बांधाला मात्र चाळणीसारखी बिळं पडली होती. उंदीर शाळूचं ताट, म्हणजे उभं धाट, बुडातून कुरतडतो, ताट आडवं पडतं, मग तो कणसावर बसून दाणे खातो. खातो थोडं, पाडतो जास्त. दाणा भरायला लागला तेव्हा बांधालगतच्या शाळूत रोज सकाळी नवी ताटं लोळलेली दिसत. शाळू गेला म्हणजे वर्षाची भाकरी जाते आणि गोठ्यातल्या दोन म्हशींचा कडबाही जातो. दादा माझ्याशी पक्ष्यांबद्दल बोलेनासा झाला. मी दुर्बीण डोळ्याला लावली की तो म्हणायचा, "वर काय बघतोस? खाली बघ की जरा."

गावात उंदरांवर एकच उपाय चालतो. त्याला सगळे औषध म्हणतात. ज्वारीच्या भरडीला तेल लावायचं, त्यात काळी पूड कालवायची आणि बिळाच्या तोंडाशी कागदाच्या पुड्या ठेवायच्या. मावशीच्या रानात हे औषध कधी आलं नाही. घर जैनांचं. नांगर चालतो, कुळव चालतो. त्यात जीव मरतात हे मावशीला माहीत आहे आणि त्याची क्षमा ती रोज संध्याकाळी माळ हातात घेऊन मागते. पण मारायचं म्हणून मारायचं नाही, हा तिचा नियम. तिनं तो लग्नाच्याही आधी मुनिमहाराजांसमोर घेतलेला.

दादानं मधला मार्ग काढला. कृषी सहाय्यकानं गावातल्या बैठकीत पक्षीथांबे सांगितले होते. उंच काठी रोवायची, टोकाला आडवी काठी बांधायची, की शिकारी पक्ष्याला बसायला जागा होते. उभ्या शाळूत वरून उंदीर दिसत नाही. शिकार होते ती बांधावर, जिथं तो बिळातून निघून रानात शिरतो. म्हणून दादानं सुबाभळीच्या काठ्या तोडून बांधाच्या कडेनं रोवल्या. कापशीचा नर दुसऱ्याच दिवशी त्यातल्या एका काठीवर आला. बाभळीच्या घरट्यापासून ती काठी हाकेच्या अंतरावर होती. त्या मंगळवारी तो दिसला तेव्हा दादानं माझ्या खांद्यावर थाप मारली. "बसला बघ गडी! एक पैसा पगार न्हाय."

मावशी दुपारी भाकरी घेऊन रानात आली. बांधावर टेकली, काठ्यांकडं पाहिलं.

"ह्या कशाला रोवल्यास?"

"पाखरं बसायला."

"झाडं संपली व्हय माळावरची?"

"हितं बसली म्हंजे उंदीर धरत्यात, आई."

मावशी भाकरी सोडता सोडता थांबली. "म्हंजे तू बोलावलंस त्यास्नी."

"मी कुठं बोलावलं? काठी रोवली. बसायचं का न्हाय ते तिचं ती ठरवती."

"पाट मांडायचा, ताट वाढायचं, आणि वर म्हणायचं, मी कुठं जेवायला बोलावलं!"

मला हसू आलं. दादाला आलं नाही. मावशीनं बोटांवर मोजून सांगितलं. करणं, करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्हीचं पाप एकच. हे तिनं लहानपणापासून प्रवचनात ऐकलं होतं आणि आम्हीही ऐकलं होतं. काठी रोवणं हे करवणं होतं.

"मग उंदरास्नी हात जोडू का?" दादा म्हणाला.

"जोड. ऐकलं तर बरंच हाय."

"आणि न्हाय ऐकलं, की म्हशीस्नी कडबा म्हणून तुझा नियम घालतो."

मावशीनं भाकरी, झुणका आणि कांद्याऐवजी काकडी आमच्यापुढं ठेवली आणि स्वतः न जेवता घरी गेली. संध्याकाळपर्यंत दादानं सगळ्या काठ्या उपटल्या.

शेजारचं रान एका लिंगायत शेतकऱ्याचं. घरी कन्नड, रानात मराठी. वय दादाएवढंच. मावशीला तो अक्का म्हणतो, मला पावणं. त्याचा हरभरा मावशीच्या बांधाला लागून होता आणि त्याचेही घाटे उंदीर खात होते. काठ्या उपटलेल्या पाहून तो बांधावर आला.

"काढल्यास व्हय?"

"काढल्या."

"अक्कांनी?"

दादानं मान हलवली.

"मग माझं मी बघतो गड्या. रविवारच्या बाजारातनं औषध आणतो. आमच्यात बी मांस-मच्छी न्हाय, पर उंदराचा पाव्हणचार बी न्हाय."

दादा माझ्याकडं बघू लागला. औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो उघड्यावर झिंगत फिरतो आणि असा उंदीर शिकारी पक्ष्याला सगळ्यात आधी सापडतो. कापशी तो उचलणार आणि घरट्यात नेणार. घरट्यात तेव्हा पिल्लं होती; मादी चोचीनं लचके तोडून त्यांना भरवताना दुर्बिणीतून दिसायची. मी हे शेजाऱ्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"पावणं, पाखरू जगावं असं मला बी वाटतंय की. पर हरभरा कोण जगवणार?"

दादा काठ्यांच्या ढिगाकडं बोट करून म्हणाला, "एवढं जळण पडलंय. घिऊन जा."

शेजारी त्या ढिगाकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "जळण व्हय?"

"जळण."

"बरं. जळणच न्यायला आलतो मी."

पुढच्या मंगळवारी गेलो तेव्हा काठ्या उभ्या होत्या. त्याच काठ्या, तेच आडवे दांडके, दादाच्याच सुतळीनं बांधलेले. फक्त बांधाच्या पलीकडं, हरभऱ्यात. हरभरा गुडघ्याच्या आत असतो, त्यामुळं तिथून बांध स्वच्छ दिसत होता. बिळातून निघणारा उंदीर हरभऱ्याकडं वळला काय आणि शाळूकडं वळला काय, कापशीच्या नजरेतून सुटत नव्हता. जागा आधीपेक्षा चांगलीच झाली होती. बाजारातून औषध आलं नव्हतं.

मावशीला हे कळायला वेळ लागला नाही. तिनं शेजाऱ्याला बांधावर बोलावून घेतलं. तो डोक्याचा टॉवेल काढून, हातात चुरगाळत उभा राहिला.

"काठ्या कुणाच्या रे ह्या?"

"माझ्या, अक्का."

"आणल्यास कुठनं?"

"जळण म्हणून दिलत्या तुमच्या पोरानं."

"मग जाळल्या न्हाईस?"

"जाळणार की. वल्या हायत अजून. वाळू घातल्यात."

"उभ्या करून?"

"उभ्या लवकर वाळत्यात, अक्का."

दादा विहिरीकडं निघून गेला. मावशीनं शेजाऱ्याकडं बराच वेळ पाहिलं. तो काही फार चांगला खोटं बोलणारा माणूस नाही. टॉवेलचा पार बोळा झाला होता. शेवटी ती म्हणाली, "तुझ्या रानात तू काय वाळू घालायचं ते मी सांगणार न्हाय. पर माझ्या पोराला तुझ्या पापात वढू नको."

"पाप माझं एकट्याचं, अक्का. पुण्य लागलं तर निम्मं धाडून देतो."

"नको. ठेव तुलाच," मावशी म्हणाली.

तो विषय तिथं मिटला, असं आम्हाला वाटलं. काठ्या राहिल्या. कापशीचा नर सकाळी ऊन तापायच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांच्यावर बसायचा. अंधार पडला की एक पिंगळा तिथं येतो, असं शेजारी सांगायचा. लोळलेली ताटं कमी झाली. थांबली नाहीत, पण दादा सकाळी रानातून आला की त्याचा चेहरा पहिल्यासारखा उतरलेला नसायचा.

मावशीची रानात येण्याची वेळ मात्र बदलली. पूर्वी ती दुपारी यायची. आता उन्हं उतरल्यावर यायची. बाभळीपासून थोड्या अंतरावर पोतं टाकून शेंगा फोडत बसायची. एका संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो होतो. नर काठीवर होता. शेपटी एकदा वर, एकदा खाली. मग तो उडाला, बांधाच्या वर थांबला, पाय सोडले, थोडा उतरला, पुन्हा थांबला. मावशीचा शेंगा फोडणारा हातही थांबला. तो खाली पडला आणि उठला तेव्हा पायात उंदीर होता. शीळ ऐकू आली. मादी घरट्यातून निघाली, खालून वर येत उलटी झाली आणि उंदीर तिच्या पायात गेला.

मावशीच्या तोंडून "हां" असा आवाज आला. मोठा नव्हता. चपाती टम्म फुगली की बायका काढतात तसा.

मग तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मला वाटलं, तिला त्या उंदराचं वाईट वाटलं असेल.

"बाबा," ती म्हणाली, "मला आत्ता बरं वाटलं."

मी दुर्बीण खाली ठेवली.

"मी न्हाय मारला. मी काठी न्हाय रोवली. रोवली ती उपटायला लावली. पर बरं वाटलं. तिसरं राहिलंतं, ते आज झालं."

"मावशी, आपला शाळू वाचतोय म्हणून वाटलं. पिल्लांच्या तोंडात घास पडला म्हणून वाटलं. उंदीर मेला म्हणून नाही."

"तू पेपरातला. तुला सगळं फोडून सांगता येतं," ती म्हणाली. "आत वाटतं तेव्हा एकच वाटतं."

त्या रात्री मी तिथंच राहिलो असतो, तर पुढचं बघितलं असतं. ते दादानं नंतर फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन शाळू घरात येईपर्यंत दूध आणि तूप सोडलं. चार म्हशी सांभाळलेल्या आणि आता दोन सांभाळणाऱ्या बाईनं दूध सोडलं. दादा चिडला होता. "काठ्या मी रोवल्या, उभ्या त्यानं केल्या, आणि उपास आईला! हे कुठलं गणित?" मी त्याला विचारलं, काठ्या काढायला सांगितल्या का तिनं? "न्हाय," तो म्हणाला. "रानात जायचं बी सोडलं न्हाय. आता तोंड फिरवून बसती एवढंच."

शाळू काढणीला आला तेव्हा मी दोन दिवस रजा टाकून गेलो. पिल्लं घरट्याबाहेर पडून फांद्यांवर बसू लागली होती. पिल्लांची पाठ तपकिरी असते, पिसांच्या कडा पांढऱ्या, आणि डोळे अजून लाल झालेले नसतात. ती थांब्यावर उतरायला बघत आणि चुकून शेजारच्या हवेत उतरत. मग पंख झाडत पुन्हा प्रयत्न.

बांधालगतचा एक पट्टा उंदरांनी नेला होता. बाकीचा शाळू उभा होता आणि कणसं भरलेली होती. बायकांनी उपटायला सुरुवात केली आणि रान एका बाजूनं उघडं पडत गेलं. जसजसं ते उघडं पडलं तसतसे उंदीर उभ्या पिकात मागं सरकत गेले. हे पक्ष्यांना माहीत असतं. भोवत्या दुपारीच आला आणि काढणीच्या रेषेवरून फेऱ्या मारू लागला. खरूची विजेच्या तारेवर. कापशीची जोडी काठ्यांवर.

संध्याकाळी थोड्याच ओळी उरल्या होत्या. अर्ध्या तासाचं काम. मावशी म्हणाली, "तेवढ्या राहू देत. सकाळी उपटा."

"आई, बायका उद्या दुसऱ्याच्या रानात जाणार."

"मग तू उपट. रातभर त्यास्नी माळाकडं जायला वाट असू दे."

"रातच्याला पिंगळा हाय, घुबड हाय."

"असू दे. निदान अंधार तरी हाय."

दादानं माझ्याकडं पाहिलं, विळा कमरेला अडकवला आणि बायकांना निरोप दिला.

सकाळी त्या ओळी दादा आणि मी उपटायला लागलो. मावशी चहाची किटली घेऊन आली. स्वतःसाठी तिनं कोरा आणला होता. ती बांधावर बसली, रानाकडं पाठ करून, तोंड रस्त्याकडं. माळाकडं किती उंदीर गेले ते सांगता येणार नाही. काही तरी गेले असावेत, कारण ओळींमधून फारसं काही निघालं नाही. शेवटच्या ताटांपाशी एक निघाला आणि उघड्या रानातून बांधाकडं पळाला. थांब्यावर कापशीचा नर नव्हता, मादीही नव्हती. तपकिरी पाठीचं पिल्लू होतं. ते उडालं, हवेत थांबता थांबता डगमगलं, पाय फार लवकर सोडले आणि तिरकंच ढेकळांत आदळलं. आम्हाला वाटलं चुकलं. मग ते उठलं आणि जड पंखांनी, जमिनीलगत, बाभळीकडं निघालं.

"आई!" दादा ओरडला. "बघ की तिकडं! पिल्लानं धरला. पयलाच असंल त्याचा."

"धरला असंल," मावशी म्हणाली. तिनं मान वळवली नाही. किटलीतला चहा आमच्या कपांत ओतला, झाकण बसवलं, पदराला हात पुसले.

दादा शेवटचं ताट उपटून पेंढीवर टाकत होता. पेंढी बांधून झाली तरी मावशी रस्त्याकडंच बघत होती.

"मोठा होता का?" तिनं विचारलं.